काटकीच्या टोकावरचा मोठा चतुर: ‘कॉमन क्लबटेल’ कसा ओळखावा

रंकाळ्याच्या काठाने सकाळी दहाच्या सुमारास चालताना, पाण्यातून वर आलेल्या एखाद्या वाळक्या काटकीच्या अगदी टोकावर, पाण्याकडे तोंड करून बसलेला, काळ्या अंगावर पिवळे पट्टे असलेला आणि बोटाएवढा लांब चतुर कोल्हापूरच्या बहुतेकांच्या नजरेस कधी ना कधी पडलेला असतो. ‘मोठा चतुर’ एवढेच म्हणून आपण पुढे निघून जातो. त्याचे शास्त्रीय नाव इक्टिनोगॉम्फस रॅपॅक्स असे असून इंग्रजीत त्याला कॉमन क्लबटेल, म्हणजे गदेसारख्या शेपटीचा चतुर, असे म्हणतात. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ रँबूर यांनी 1842 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. ‘रॅपॅक्स’ या लॅटिन शब्दाचा अर्थ झडप घालून हिसकावणारा असा होतो आणि या कीटकाला शिकार करताना एकदा पाहिले की हे नाव किती नेमके आहे ते पटते.

चतुर ओळखायला शिकणाऱ्याने सुरुवात याच जातीपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. भारतात चतुर आणि टाचण्या (चतुरांचे बारीक अंगाचे नातलग) मिळून पाचशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतील कित्येक जाती हातात घेऊन भिंगाखाली पाहिल्याशिवाय वेगळ्या करता येत नाहीत. हा चतुर मात्र मोठा आहे, तो एका जागी बराच वेळ बसतो, उडाला तरी बहुधा त्याच जागी परत येतो, आणि शहराच्या मध्यावरच्या तळ्यापासून गावाकडच्या शेततळ्यापर्यंत कुठेही भेटतो. नवशिक्याला आणखी काय हवे?

आधी चतुर आणि टाचणी यांतला फरक

हे थोडक्यात सांगतो, कारण ते पाच मिनिटांत जमते. बसल्यावर पंख दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले, शरीर दणकट आणि मागचे पंख बुडाशी पुढच्यांपेक्षा रुंद असतील तर तो चतुर होय. पंख पाठीवर मिटलेले, शरीर सुईसारखे बारीक आणि डोळे डोक्याच्या दोन टोकांना असतील तर ती टाचणी. काही टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवून बसतात, परंतु त्यांचा बारीक बांधा पाहिला की शंका उरत नाही.

कुठे आणि केव्हा पाहावे

क्लबटेलला साचलेले किंवा संथ वाहणारे, उघड्यावरचे आणि उन्हातले पाणी लागते. शहरात रंकाळा, कळंबा तलाव, विद्यापीठाजवळचा राजाराम तलाव आणि कोटीतीर्थ या जागांचे काठ फिरून पाहावेत. मात्र काठ सगळीकडून सिमेंटने बांधून काढलेला असेल, तर जिथे लव्हाळा, पाणकणीस किंवा पाण्यात वाकलेली झाडाची फांदी शिल्लक आहे तिथेच थांबावे. नदीवर जायचे असेल तर बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला जावे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत पावसाळा सरल्यावर बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालतात आणि त्यानंतर पंचगंगेचे किंवा भोगावतीचे वाहते पाणी मागे थोपून तळ्यासारखे संथ होते. अशा पाण्यातून वर आलेल्या पुरातल्या काटक्या, जुने खुंट, मळीच्या (नदीकाठच्या गाळाच्या जमिनीच्या) काठावरचे बांबू ही या चतुराची आवडती आसने असतात. उलट, आंबा घाटाच्या बाजूच्या दाट सावलीतल्या, खळाळत्या ओढ्यांवर याला शोधू नये. तिथे याच्या कुळातल्या दुसऱ्या जाती असतात आणि त्या नवशिक्यासाठी अवघड आहेत. या कुळात अजूनही नव्या जाती सापडत आहेत. आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गात, आंबोलीजवळच्या चौकुळ गावावरून नाव दिलेली बर्मागॉम्फस चौकुळेन्सिस ही जात 2022 मध्येच जगासमोर आली.

पावसाचा जोर ओसरला की सप्टेंबरपासून दिवाळीपर्यंतचे दिवस शिकण्यासाठी सर्वांत चांगले, आणि मार्च ते मे या काळातही हा चतुर तळ्यावर सहज दिसतो. सकाळी नऊच्या आधी जाण्यात अर्थ नाही. पक्षीनिरीक्षणाची सवय असलेली मंडळी इथे हमखास चुकतात. ती पहाटे उठून येतात आणि चतुर मात्र ऊन चांगले तापल्याशिवाय कामाला लागत नाहीत. दहा ते दीड ही वेळ धरावी. सकाळच्या वेळी सूर्य आपल्या पाठीशी राहील अशा बेताने काठ निवडावा, नाहीतर समोरचा चतुर नुसता काळा आकार दिसतो आणि पिवळ्या खुणा हरवतात.

सोबत दोन मीटर अंतरावरचेही स्पष्ट दाखवणारी आठ पटींची दुर्बीण असल्यास उत्तम. नसल्यास मोबाइलचा कॅमेरा पुरतो. वही आणि पेन्सिल मात्र असायलाच हवी. जाळे नको. ही जात ओळखण्यासाठी तिला पकडण्याची काहीही गरज नाही.

पहिली पायरी: रंग सोडा, बैठक पाहा

माझी सुरुवात रंगापासून झाली आणि त्यामुळे माझे पहिले वर्ष वाया गेले. काळे आणि पिवळे दिसले की मी वहीत क्लबटेल लिहीत असे. पुढे जुने फोटो नीट पाहिले तेव्हा त्यांतले बरेचसे ग्रीन मार्श हॉक नावाचे दुसरेच चतुर निघाले, आणि त्या नोंदी मला खोडाव्या लागल्या. तेव्हापासून मी शिकाऊ मित्रांना पहिली दहा मिनिटे रंगाचे नावच काढू देत नाही. आधी तो कसा बसतो ते पाहायचे.

क्लबटेलचा नर पाण्यावर झुकलेल्या किंवा पाण्यातून सरळ वर आलेल्या उघड्या काटकीचे सर्वांत वरचे टोक निवडतो. त्याचे तोंड पाण्याकडे असते. शरीर जवळजवळ आडवे आणि पंख पसरलेले असतात, आणि वाऱ्याच्या झोताबरोबर काटकी हलली तरी तो हलत नाही. मधूनच तो सुटतो, पाण्यावरून वेगाने एक फेरा मारतो, एखादी माशी, फुलपाखरू किंवा लहान चतुरसुद्धा पकडतो आणि परत त्याच टोकावर येऊन बसतो. दुसरा नर जवळ आला की त्याला तो बराच लांब पिटाळून लावतो. राजाराम बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला गळ टाकून बसलेल्या एका वयस्क मामांना मी एकदा या चतुराबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी गळावरची नजर न काढता सांगितले, “ह्यो रोज हितंच बसतोय. माझी काठी पाण्यावर आली की माझ्या काठीवर, न्हाईतर त्या खुंटावर.” गळाची काठी आणि खुंट, दोन्ही पाण्यावर उघडी आणि टोकदार. मामांनी या जातीची सर्वांत महत्त्वाची खूण मला एका वाक्यात सांगितली होती.

दुपारी ऊन फार चढले की हाच चतुर पोटाचे टोक वर उचलून, जवळजवळ शीर्षासन केल्यासारखा, सूर्याच्या रोखाने उभा राहतो. असे केल्याने अंगाच्या कमीत कमी भागावर ऊन पडते आणि शरीर तापत नाही. अशी मुद्रा इतर काही चतुरही घेतात, म्हणून एवढ्यावरून नाव ठरवू नये.

दुसरी पायरी: समोरून डोळे पाहा

ही पायरी चुकवू नये, कारण निम्मी ओळख इथेच होते. आपल्या तळ्यांवरच्या बहुतेक चतुरांचे दोन मोठे डोळे डोक्याच्या माथ्यावर एकमेकांना चिकटलेले असतात. हेल्मेट घातल्यासारखे ते दिसतात. क्लबटेलच्या कुळात, म्हणजे गॉम्फिडी कुळात, डोळ्यांच्या मध्ये स्पष्ट अंतर असते. काठाने हळूहळू सरकत चतुराच्या समोर किंवा तिरके समोर यावे आणि दुर्बिणीतून माथा पाहावा. निळसर करड्या रंगाचे दोन डोळे आणि त्यांच्यामध्ये काळ्या-पिवळ्या कपाळाची मोकळी जागा दिसली, तर आपण बरोबर कुळात आलो.

समोर जाता येत नसेल तर वाट पाहावी. उडून परत आलेला चतुर दर वेळी अगदी त्याच कोनात बसतो असे नाही. चार-पाच फेऱ्यांत तो एकदा तरी आपल्याकडे तोंड करतो.

तिसरी पायरी: आकारमान

पोट म्हणजे उदर, ज्याला आपण सहसा शेपटी म्हणतो, ते या चतुरात साधारण पाच सेंटीमीटर लांब असते आणि मागचा पंख सुमारे चार सेंटीमीटर. डोके आणि छाती धरून पूर्ण शरीर सात सेंटीमीटरच्या आसपास भरते. लांबून सेंटीमीटर मोजता येत नाहीत, म्हणून शेजारच्या ओळखीच्या कीटकाशी तुलना करावी. गटारापासून तळ्यापर्यंत सगळीकडे दिसणारा नारिंगी पंखांचा लहान चतुर, ज्याला डिच ज्युवेल म्हणतात, त्याच्या जवळपास दुपटीने क्लबटेल लांब असतो. दोघे एकाच काठावर बसलेले असतील तर फरक झटकन कळतो.

चौथी पायरी: पोटाचे खंड मोजा

आता रंगाकडे यावे, पण क्रमाने. छाती काळी असून तिच्यावर पिवळे किंवा हिरवट पिवळे पट्टे असतात. पाय काळे आणि पंख पारदर्शक असतात आणि पंखाच्या टोकाजवळचा लांबट ठिपका काळा असतो. या खुणा उपयोगी आहेत, परंतु निर्णायक खूण पोटाच्या शेवटच्या भागात आहे आणि ती पाहण्यासाठी खंड मोजावे लागतात.

चतुराच्या पोटाचे दहा खंड असतात. पुढून मोजायला गेलो तर पहिले दोन पंखांच्या बुडाशी दडलेले असतात आणि हिशेब चुकतो, म्हणून नेहमी मागच्या टोकाकडून मोजत यावे. अगदी शेवटी दोन लहान टोकदार शेपट्या दिसतात, त्या खंड नव्हेत. त्यांच्या पुढचा आखूड खंड दहावा, मग नववा, मग आठवा. क्लबटेलमध्ये या आठव्या खंडाच्या दोन्ही कडांना खाली झुकलेली, पानासारखी काळी पाती असते. बाजूने पाहिल्यास पोटाचा शेवट त्या जागी एकदम रुंद आणि जाड दिसतो, आणि ‘गदेची शेपटी’ हे नाव यावरूनच आले आहे. त्याच्या लगेच पुढच्या, म्हणजे सातव्या खंडाचा पुढचा अर्धा भाग ठळक पिवळा असतो. लांबून पाहिले तरी काळ्या पोटावर शेवटाकडे आलेला हा एक रुंद पिवळा पट्टा आणि त्याच्या मागचा काळा फुगवटा नजरेत भरतो.

मी स्वतः शिकताना कागदावर दहा चौकोनांची ओळ काढत असे आणि दुर्बिणीतून जे दिसेल ते त्या त्या चौकोनात रंगवत असे. फोटो कितीही काढले तरी या चौकोनांनी जेवढे पाहायला लावले तेवढे कॅमेऱ्याने लावले नाही. नव्या माणसाने पहिल्या दहा चतुरांसाठी तरी हे करावे.

घोटाळा कुठे होतो

सर्वांत जास्त गोंधळ ग्रीन मार्श हॉकशी होतो. तो हिरवट पिवळा असून अंगावर काळ्या रेघा असतात, पोट बुडाशी फुगलेले आणि मध्ये एकदम बारीक असते. त्याचे डोळे हिरवे आणि एकमेकांना चिकटलेले असतात, तो क्लबटेलपेक्षा लहान असतो आणि गवतावर, बांधावर, अगदी जमिनीवरही बसतो. पाण्यापासून दूर उसाच्या पाणंदीत दिसलेला काळा-हिरवा चतुर बहुधा हाच असतो.

दुसरा कॉमन हुकटेल. इथे थोडे सावध राहावे लागते, कारण तो क्लबटेलच्याच कुळातला आहे, त्याचेही डोळे वेगळे असतात आणि त्याच्याही पोटाच्या शेवटाला पानासारखी पाती असतात. त्याचा मूळ रंग मात्र पिवळसर असून त्यावर तपकिरी-काळ्या रेघा असतात, म्हणजे क्लबटेलच्या नेमके उलट. तो बराच लहान असतो, नदीकाठच्या वाळूवर, दगडावर किंवा बुटक्या काटकीवर बसतो, आणि नराच्या शेपटीचे टोक आकड्यासारखे खाली वळलेले असते. तो आकडा एकदा दिसला की प्रश्न मिटतो.

तिसरा गट न बसणाऱ्यांचा. पाण्यावर काठाकाठाने तासभर न थांबता गस्त घालणारा, हिरव्या छातीचा आणि पोटाच्या बुडाशी निळा असलेला मोठा चतुर दिसला तर तो अॅनॅक्स गटातला असतो. आणि तपकिरी अंगावर पिवळे पट्टे असलेला, जलाशयाच्या कडेने बाणासारखा ये-जा करणारा चतुर एपोफ्थाल्मिया व्हिटाटा असू शकतो. त्याच्या पोटावरही पिवळी कडी असतात, त्यामुळे उडताना पाहून चूक होते. पण त्याचे डोळे चिकटलेले असतात, आठव्या खंडाला पाती नसतात आणि विश्रांती घेताना तो फांदीला खाली लोंबकळतो. काटकीच्या टोकावर आडवा बसून पहारा देणे हे क्लबटेलचेच.

नर की मादी

पाण्याकाठी आसन धरून बसलेले बहुतेक नरच असतात. बाजूने पाहिल्यास नराच्या दुसऱ्या खंडाच्या खाली एक लहान फुगवटा दिसतो, मादीला तो नसतो आणि तिचे पोट अधिक जाड वाटते. मादी एरवी पाण्यापासून लांब राहते आणि मीलनासाठी व अंडी घालण्यासाठीच काठावर येते. ती पाण्यावर झेपावत पोटाचे टोक पाण्याला टेकवते आणि अंडी सोडते. या अंड्यांच्या टोकाला बारीक तंतूंची गुंडाळी असते. पाण्यात पडल्यावर ती उलगडते आणि पाणवनस्पतींत गुंतते, त्यामुळे अंडे तळाच्या गाळात गडप होत नाही. तळे साफ करताना काठची सगळी वनस्पती मुळासकट उपसली तर काय नष्ट होते, ते यावरून लक्षात यावे. जलपर्णी काढायलाच हवी, परंतु लव्हाळ्याचा एखादा पट्टा राखून ठेवायला हवा, असे मला मनापासून वाटते.

चतुर दिसला नाही तर त्याची कात शोधा

अंड्यातून निघालेले पिल्लू पाण्याच्या तळाशी, कुजक्या पाल्यात राहते आणि दुमडून ठेवलेला खालचा ओठ झटकन पुढे फेकून शिकार पकडते. क्लबटेलचे पिल्लू इतरांपेक्षा चपटे, रुंद आणि लांब पायांचे असते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते कोळ्यासारखे वाटते. पूर्ण वाढ झाली की ते पाण्याबाहेर चढते, पाठीवर चीर पडते आणि आतून पंखवाला चतुर बाहेर येतो. कोश नावाची मधली अवस्था चतुरात नसते.

मागे उरलेली कात हा जातीच्या वास्तव्याचा भक्कम पुरावा असतो, कारण उडणारा चतुर दुसऱ्या तळ्यावरून आलेला असू शकतो, कात मात्र इथेच वाढलेल्याची असते. कळंब्याच्या दगडी काठावर मला अशी एक कात मिळाली. वाळलेल्या पानासारखी हलकी, गाळाच्या रंगाची, पायांची नखे दगडाच्या खाचेत इतकी घट्ट रुतलेली की ती सोडवताना एक पाय तिथेच राहिला. पाठीवरच्या चिरेतून पांढरे दोऱ्यासारखे काही बाहेर लोंबत होते. ते श्वासनलिकांचे आतले अस्तर होते. काठावरच्या दगडांवर, बंधाऱ्याच्या भिंतीवर आणि पाणकणसाच्या दांड्यांवर पाण्यापासून हातभर उंचीपर्यंत शोधले की अशा काती मिळतात.

नोंद कशी करावी

तीन फोटो काढावेत: बाजूने, वरून आणि समोरून डोळ्यांचा. एकच काढता आला तर बाजूने काढावा, कारण आठव्या खंडाची पाती आणि सातव्याचा पिवळा भाग त्यातच दिसतो. जवळ जाताना आपली सावली चतुरावर पडू देऊ नये आणि हात एकदम वर उचलू नये. तो उडालाच तर जागेवरच थांबावे. मागे धावणारा रिकाम्या हाताने परततो आणि थांबणाऱ्याला तो परत मिळतो. तारीख, वेळ, जागा, ऊन की ढग, आणि तो कशावर बसला होता, हे वहीत तिथल्या तिथे लिहावे. खात्री करण्यासाठी ‘ओडोनाटा ऑफ इंडिया’ या संकेतस्थळावरचे फोटो ताडून पाहावेत, आणि ‘आयनॅचरलिस्ट’ या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकल्यास जाणकार ती तपासून देतात. राधानगरीसारख्या अभयारण्यात जायचे असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी.

मुले सोबत असतील तर दोन गोष्टी त्यांना आधी सांगाव्यात. चतुराला नांगी नसते, तो डंख मारत नाही. हातात धरलेला मोठा चतुर जबड्याने चिमटा काढू शकतो, एवढेच. आणि त्याच्या शेपटीला दोरा बांधू नये. त्या पोटातच त्याचे श्वसन, पचन आणि प्रजनन चालते, आणि दोऱ्याच्या गाठीने त्याचे खंड चिरडतात. लहानपणी आम्ही सगळ्यांनीच तसे केले आहे, आणि ते आठवले की आजही वाईट वाटते.

ज्यांचे स्वतःचे शेततळे किंवा मोठी विहीर आहे त्यांना काठ फिरण्याचीही गरज नाही. काठापासून हातभर आत, दिवसभर ऊन राहील अशा जागी, अंगठ्यापेक्षा बारीक अशी एक वाळकी काठी रोवावी आणि तिचे टोक पाण्यापासून दोन-तीन फूट वर राहू द्यावे. काठीला पाने किंवा फाटे ठेवू नयेत. पहिले काही दिवस लहान लाल आणि नारिंगी चतुर तिच्यावर बसतील. मग एखाद्या दिवशी अकराच्या उन्हात टोकावर काळा-पिवळा, जड बांध्याचा चतुर दिसेल आणि आधीचे सगळे खालच्या गवतावर सरकलेले असतील. तेव्हा सूर्य पाठीशी घेऊन समोर यावे आणि पहिल्यांदा त्याचे डोळे पाहावेत.